बिनपट्ट्याचं इंजिन

शहागंजातल्या माझ्या दुकानात छतापासून पट्टे लोंबतात. पिठाच्या गिरणीचे, रसवंतीचे, कंप्रेसरचे, जुन्या जीपचे. गिऱ्हाईकाला डोक्यानं पट्टे बाजूला सारतच आत यावं लागतं, आणि मी गल्ल्यामागं बसून प्रत्येकाचा तो प्रवेश रंगमंचावरच्या प्रवेशासारखा बघत असतो. माझं शिक्षण, माझं लग्न, पुंडलिकनगरातला फ्लॅट, सगळं या काळ्या रबरानं केलंय. त्यामुळं माझा सगळ्यात जुना मित्र एका सकाळी पट्टे बाजूला सारत आला, स्टुलावर बसला आणि शांतपणे म्हणाला, "विमानाच्या इंजिनावरचा पट्टा काढून टाकतोय," तेव्हा मला वाटलं, हा माझ्याच घरात जेवायला बसून माझ्याच आईच्या स्वयंपाकाला नावं ठेवतोय.

विमान म्हटल्यावर फार मोठं काही डोळ्यांसमोर आणू नका. एका माणसाला बसता येईल एवढं, ॲल्युमिनियमच्या पाइपांचं, वर कापड ताणून बसवलेलं. पुढं एका जुन्या छोट्या मोटारीचं इंजिन. हा मित्र वाळूजच्या एका कारखान्यात टूल रूममध्ये होता. कारखान्यानं माणसं कमी केली तेव्हा तो बाहेर पडला, आणि लोक अशा वेळी रिक्षा घेतात किंवा किराणा टाकतात, तसं त्यानं विमान बांधायला घेतलं. बजाजनगरातल्या त्याच्या घरात सायकल आडवी लावायची पंचाईत. म्हणून विमान उभं होतं बिडकीनच्या अलीकडं, एका मळ्यातल्या पत्र्याच्या शेडात. मळ्याचा मालक पूर्वी ह्याच्याच कारखान्यात होता, नंतर नोकरी सोडून शेतीकडं परतला. जनावरं विकल्यावर शेड रिकामं पडलं होतं. त्यानं ते मित्राला वापरायला दिलं आणि त्याबद्दल वर्षानुवर्षं चकार शब्द काढला नाही. आम्ही दोघंही मित्राला मिस्त्री म्हणायचो, आणि ते दोघंही मला शेठ म्हणायचे. यातलं एकही संबोधन आदरानं सुरू झालेलं नव्हतं.

"पट्ट्यानं तुझं काय वाकडं केलंय?" मी विचारलं.

"शेठ, एकच पट्टा. तोच पाण्याचा पंप फिरवतो, तोच डायनामो फिरवतो. तुटला की दोन्ही एकदम गेले. पाणी नाही म्हणजे इंजिन तापलं, डायनामो नाही म्हणजे वीज गेली. मोटारीत माणूस गाडी कडेला घेतो. वर कड कुठं असते?"

"पण तुटायच्या आधी तो ओरडतो," मी म्हणालो. "महिनाभर किंचाळतो. मग त्याचे धागे निघतात. इतक्या वेळा सांगून जाणारी दुसरी वस्तू इंजिनात दाखव."

"मला ओरडणारी वस्तूच नकोय."

मी त्याला चहा पाजला, पण साधा पाजला. नेहमी मी त्याच्यासाठी मलई मारके, म्हणजे वर साय घातलेला, मागवत असे.

पुढची दोनेक वर्षं त्यानं पट्ट्याला पर्याय शोधण्यात घालवली. रविवारी दुकान बंद करून मी मळ्यावर जायचो, खाटेवर बसायचो आणि प्रत्येक पर्यायाचा अंत जातीनं बघायचो. सुरुवात साखळीपासून झाली. मोटारसायकलची साखळी पट्ट्याच्या जागी. तिला तेल लागतं आणि ते तेल ती स्वतःकडं ठेवत नाही, हे माझ्या पांढऱ्या शर्टाला कळलं. मग त्यानं टायमिंग गिअरमधून आणखी एक गिअर काढून त्यावर डायनामो बसवला. काम असं सुबक, की बघत राहावं. पण चालू केलं की दात असे कडकडायचे, की समोरच्या बांधावरचे बगळे उठायचे. वजनही वाढलं. मग त्यानं डायनामो मागच्या बाजूला नेला आणि कॅमच्या दांड्याच्या टोकाला रबरी कपलिंगनं सरळ जोडला. ते रबर माझ्याच दुकानातलं होतं, त्यामुळं मी जरा सुखावलो. इंजिनाच्या थरथरीनं त्याचा भुगा झाला. मिस्त्रीनं तो भुगा ओंजळीत घेऊन माझ्यापुढं धरला.

"तुझा माल," तो म्हणाला.

"पट्टा असता तर थरथर त्यानं पोटात घेतली असती," मी म्हणालो. "जरा घसरला असता, जरा ताणला असता. माझा माल समजूतदार आहे. तू त्याला नको त्या जागी घातलास."

मळेवाला हसला. "मिस्त्री, शेठला वर घेऊन जा आन् मधनंच सोडून दे. लई बोलतो."

शेवटी त्याला जमलं, हे सांगायला मला आजही थोडं जड जातं. क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, मागच्या टोकावर त्यानं लोहचुंबकाची चकती बसवली आणि तिच्याभोवती तांब्याच्या तारांची स्थिर कडी, मोटारसायकलच्या मॅग्नेटमध्ये असते तशी. क्रँक फिरली की वीज. मध्ये पुली नाही, बेअरिंग नाही, झिजायला काहीच नाही. आणि पाण्याच्या पंपाला त्यानं क्रँकपासून पुरतं तोडलं. विजेवर चालणारा छोटा पंप, बॅटरीवरून. इंजिनाचा पुढचा भाग एकदम उघडा दिसायला लागला. मी वाकून आत बघितलं तर माझ्या धंद्याचं तिथं काहीच नव्हतं.

हे मी फक्त विमानापुरतं बोलत नाही. वाळूजला माझी जी बांधलेली गिऱ्हाइकं होती, त्यांच्याकडं नवी मशीनं आली. मोटर सरळ दांड्याला जोडलेली, पट्ट्याचं कामच नाही. खरेदी खात्यातली पोरवयाची साहेब मंडळी मला सांगायची, "शेठ, आता पट्टा कोण वापरतं?" मी हसून नमस्कार करायचो. बाहेर येऊन स्कूटरला लाथ मारताना मात्र जोर जरा जास्त लागायचा. आणि आता बालमित्रसुद्धा त्यांच्याच बाजूचा. मी त्याला तसं बोलूनही दाखवलं. तो म्हणाला, "तू दुकानाचं बघ, मी इंजिनाचं बघतो." एवढं लागट तो पूर्वी कधी बोलला नव्हता.

त्या वर्षी मळेवाल्यानं पहिल्यांदाच उन्हाळी कांदा लावला आणि तो भरघोस आला. काढणी जवळ आली, बाजार पडलेला, म्हणजे साठवणं आलं. साठवणार कुठं, तर शेडात. त्याला हे बोलायला किती अवघड गेलं, ते त्यानं ज्या पद्धतीनं विमानाच्या शेपटीवरची धूळ पुसली त्यावरून कळत होतं.

"मिस्त्री, एक बोलू का?" तो म्हणाला. "घरचे म्हणतेत, शेड मोकळं करा. मी म्हणलं, इंजिन झालंय त्याचं. त्यास्नी काय पटत नाय. म्हणतेत, इतकी वर्सं झालंच हाय की."

"मग?"

"मग असं करू. येत्या रविवारी मी दुपारचं जेवायला हितंच बसतो. मी पहिला घास घेतला की तू इंजिन चालू करायचं. मी हात धुवून उठंस्तोवर ते बंद नाय पडलं पाहिजे. तेवढं चाललं तर मी कांद्याला बांबूची येगळी चाळ घालतो. शेड तुझं. आन् पलीकडचा जमिनीचा पट्टा रोलर फिरवून सपाट करून देतो, मग पळव तुझं इमान जमिनीवर, उडायच्या परवानगीचं जव्हा व्हईल तव्हा व्हईल. नाय चाललं तर मंगळवारी कांदा आत."

ही अट मऊ वाटत असेल, तर तुम्ही त्याला जेवताना बघितलेलं नाही. हा माणूस भाकरीचा एकेक घास असा चावतो, जणू त्याला त्यावर निकाल द्यायचाय. त्याच्या जेवणात मी एकदा पूर्ण वर्तमानपत्र वाचलंय, जाहिरातींसकट.

मिस्त्री तरीही खूश होता. त्याआधीच्या आठवड्यात इंजिन त्यापेक्षा जास्त वेळ चाललं होतं, पाणी कोमट, काटा जागेवर. परतताना तो स्कूटरवर मागं बसून शीळ घालत होता. शेड गेलं तर विमान ठेवायला जगात दुसरी जागा नव्हती. भाड्यानं गोडाऊन घ्यायची ऐपत नाही, आणि शहरातल्या घरात पंखही जात नव्हते. हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही. तरी तो शीळ घालत होता, इतका त्याला त्या बिनपट्ट्याच्या इंजिनावर विश्वास होता.

रविवारी ऊन असं होतं, की पत्र्याकडं बघवत नव्हतं. विमान शेडाच्या तोंडाशी आणून चाकांना दगड लावले, शेपटी दोरानं खुंटाला बांधली. मळेवाल्याची खाट सावलीत. ताटात भाकरी, पिठलं, ठेचा, आणि कांदा, नव्या पिकाचा. त्यानं पहिला घास उचलला आणि मला म्हणाला, "शेठ, तुमी पंच."

इंजिन जरा कुरकुरत लागलं. स्टार्टर एकदोनदा रडला. "उन्हानं," मिस्त्री म्हणाला. मग पुढचा लाकडी पंखा फिरायला लागला, धूळ उडाली, मळेवाल्यानं ताटावर हात धरला आणि सगळं एका लयीत सुरू झालं. मिस्त्री कॉकपिटमध्ये बसून पाण्याच्या काट्याकडं बघत होता. मला अंगठा दाखवायचा. काटा अगदी जागेवर.

पहिली भाकरी गेली. दुसरी अर्ध्यावर आली. मी मनातल्या मनात हरायला लागलो होतो, आणि खरं सांगतो, ते हरणं गोड होतं. इंजिन असं चाललं होतं, की माझ्यासारख्या माणसालाही त्यात खोट काढता येईना. पट्ट्याची सळसळ नाही, पुलीचा सूर नाही, नुसता एकसारखा दमदार आवाज.

मग वास आला. गरम लोखंडाचा, रंग करपल्याचा. मी हातवारे केले. मिस्त्रीनं काट्याकडं बोट दाखवलं, ठीक आहे म्हणून. मी पुन्हा हातवारे केले, नाटकात करतात तसे, दोन्ही हात वर करून. तेवढ्यात इंजिनातून पांढरी वाफ फुटली, आवाज घोगरा झाला, पंखा दोनदा अडखळला आणि थांबला. एकदम इतकी शांतता झाली, की मळेवाल्याच्या चावण्याचा आवाज यायला लागला. त्याच्या ताटात अजून भाकरी होती.

त्यानं तो घास संपवला, मग हात धुतले. "तापलं व्हय?" त्यानं विचारलं. त्याच्या आवाजात आनंद नव्हता. मला तो असायला हवा होता, म्हणजे राग धरायला सोपं गेलं असतं.

इंजिनाचं हेड वाकलं होतं, गॅस्केट उडालं होतं. मिस्त्री पंपाला हात लावून बसला. पंप थंड होता. इंजिन धगधगत असताना तो फिरतच नव्हता, आणि काहीही आवाज न करता थांबला होता.

"काटा का नाही हलला?" मी विचारलं.

"काटापण बॅटरीवरच," तो म्हणाला.

मंगळवारी आम्ही विमान बाहेर काढायला गेलो. ओढायला मळेवाल्यानं छोटा ट्रॅक्टर आणायचं कबूल केलं होतं. हा ट्रॅक्टर म्हणजे त्या मळ्यावरचं करमणुकीचं साधन. दिवाळीपासून तो कधी चावीनं लागला नव्हता. उतारावर नेऊन ढकलायचा, मग दोघांनी मागं पळायचं. मीही पळालोय. त्या दिवशी मळेवाला सीटवर चढला, चावी फिरवली आणि ट्रॅक्टर पहिल्या झटक्यात लागला.

मिस्त्री पंखाच्या टोकाला धरून उभा होता. त्यानं ट्रॅक्टरकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"काय जादू केली?" मी मळेवाल्याला विचारलं, उगाच हसत.

"जादू कशाची. शनवारी औषधाचा पंप न्यायचा व्हता फवारणीला. तुमची बॅटरी लावून बघितली, तर झटक्यात लागला. मग दोन्ही बॅटऱ्या ओट्यावर चार्जिंगला लावल्या आन् सांजच्याला ज्याची त्याला बसवली. तव्हापास्नं ह्यो पण लागाया लागला. चार्जिंगच पायजे व्हतं बघा त्येला."

दोन्ही बॅटऱ्या एकाच कंपनीच्या, एकाच मापाच्या. मिस्त्रीनं मुद्दाम तशी घेतली होती, अडीनडीला एकमेकांच्या कामी याव्यात म्हणून. मी विमानात वाकलो, बॅटरी सोडवून उचलली. तिच्या बुडाला काळ्या मातीचा आणि डिझेलचा थर बसला होता. विमानात माती कुठली आणि डिझेल कुठलं. ट्रॅक्टरची ती म्हातारी बॅटरी आतून मेलेली होती. वरवर चार्ज झालेली, एकदा स्टार्टर फिरवण्यापुरती. नंतर चुंबकाच्या चकतीनं जी वीज दिली ती सगळी तिनंच पिऊन टाकली आणि पंपाच्या वाट्याला काही उरलं नाही.

मी बॅटरी हातात घेऊन सरळ झालो, तोंड उघडलं. मिस्त्रीनं माझ्या मनगटाला असं धरलं, की दुसऱ्या दिवशी तिथं निळं झालं होतं.

"दे इकडं," तो म्हणाला. "जड आहे."

परतीच्या रस्त्यावर मी स्कूटर एका रसवंतीशी थांबवली आणि जे काही तोंडात आलं ते बोललो. त्याला म्हणालो, आत्ता फिरू, आत्ता सांगू. मळेवाल्यानं घातलेली अट त्यानंच मोडलीय. इंजिन निर्दोष होतं.

"त्यानं चोरली का बॅटरी?" मिस्त्रीनं विचारलं.

"न विचारता नेली."

"मळ्यावर बॅटरी कोण विचारून नेतं? आपण त्याच्या ट्रॅक्टरची किती वेळा काढली? तो नसताना? सुरुवातीला आपल्याकडं होतीच कुठं?"

"म्हणून विमान घालवायचं?"

"सांगितलं तर तो शेड देईल. आजच देईल. कांदा उन्हात टाकून देईल. मग घरचे त्याला रोज बोलतील, आणि तो मला काही बोलणार नाही. लाजेपोटी दिलेल्या जागेत मी इंजिन चालवायचं, आणि त्यानं तिथं बसून रोज माझ्याकडं बघायचं. नको."

"हा माज आहे तुझा."

"असू दे."

रस आला. दोघांनीही घेतला नाही. रसवंतीच्या चरकावर माझ्याच दुकानातला पट्टा फिरत होता आणि ताण कमी असल्यानं चिरकत होता. मला तोंड आवरेना.

"पट्ट्यावरचा पंप असता," मी म्हणालो, "तर बॅटरी मेलेली असो नाहीतर नसो, पाणी फिरत राहिलं असतं. त्याचं जेवण झालं असतं, आणि वर त्यानं झोपही काढली असती."

इतकी वर्षं या एका वाक्यासाठी मी त्याच्याशी भांडत होतो. तो भांडेल, नवी काहीतरी युक्ती सांगेल, दोन पंपांचं, दोन बॅटऱ्यांचं काढेल, असं वाटलं.

"हो," तो म्हणाला. "फिरत राहिलं असतं."

आयुष्यातला सगळ्यात बेचव विजय कसा लागतो ते मला तिथं कळलं.

विमान त्यानं स्वतःच्या हातानं सुटं केलं. पाइप भंगारात गेले, कापड कुणीतरी नेलं. इंजिन दुरुस्त करू म्हणून मी मागं लागलो. बसवायचं कुठं, त्यानं विचारलं. लाकडी पंखा तेवढा मळेवाल्यानं आवडला म्हणून मागितला, आणि मिस्त्रीनं तो पॉलिश करून दिला.

तो पंखा आता मळ्याच्या फाटकावर आहे. येणारेजाणारे गाड्या थांबवून त्याच्यासोबत फोटो काढतात. लोक त्या जागेला विमानाचा मळा म्हणायला लागले. मळेवाला हुशार माणूस, त्यानं हिवाळ्यात हुरडा पार्ट्या सुरू केल्या. शहरातली कुटुंबं येतात, खाटांवर बसतात आणि पंख्याची गोष्ट ऐकतात.

यंदा त्यानं आम्हा दोघांना आग्रहानं बोलावलं. न जाण्याला कारण नव्हतं, म्हणून गेलो. आगटीभोवती सिडकोतली का कुठली तरी मंडळी बसली होती. गरम कणसं चोळता चोळता मळेवाला त्यांना सांगत होता, आणि सांगताना त्याच्या चेहऱ्यावर मिस्त्रीबद्दल खरोखरीचा अभिमान होता.

"ह्ये आमचे मिस्त्री. आख्खं इमान केलं ह्यांनी ह्या शेडात. लई डोकं. पट्टा नाय, काय नाय, सगळं इजेवर. निसतं इंजिन तेवढं तापायचं. नायतर आज उडालं असतं."

एका बाईंनी मिस्त्रीकडं वळून विचारलं, "काका, का हो तापायचं?"

मी बसल्या जागी पुढं सरकलो. मिस्त्रीनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. त्यानं आपल्या तळहातावरचा हुरडा माझ्या तळहातावर ओतला, वर चिमूटभर शेंगदाण्याची चटणी टाकली आणि त्या बाईंना म्हणाला, "तापायचं खरं. माझीच काहीतरी चूक झाली होती."

मळेवाल्यानं मोठ्या मनानं त्याच्या पाठीवर थाप मारली. "व्हतं मिस्त्री," तो म्हणाला. "व्हतं कधीकधी."

मी हुरडा तोंडात टाकला आणि चावत राहिलो, कारण तोंड मोकळं ठेवणं धोक्याचं होतं.